सिस्टरांचा इनटेक-आउटपुट

3 मार्च 2025, सोमवार

मेट्रन मॅडमनी फाइल हातात दिली. वर टाइप केलंय : 'परिचारिकांचे समग्र स्वास्थ्य व स्वयं-काळजी, पथदर्शी प्रकल्प'. आत एकच कागद, तोही कोरा. मुदत 12 मे, म्हणजे परिचारिका दिनाला भिंतीवर लावण्याजोगं काहीतरी व्हायला हवं. "तू लोणावळ्याला योगाचं करून आलीयेस ना, मग तूच बघ." आठ दिवसांच्या शिबिराची ही शिक्षा.

वॉर्ड आमचाच घ्यायचा ठरला. स्त्री मेडिकल, खाटा 36. जमिनीवरच्या गाद्या धरल्या तर आकडा रोज वेगळा. माणसं नऊ : आठ सिस्टर, एक ब्रदर. सकाळी तिघं, दुपारी दोघं, रात्री एक. नर्सिंग कौन्सिलच्या छापील निकषात सामान्य रुग्णालयाला पाच रुग्णांमागे एक परिचारिका आहे, वर रजेसाठी तीस टक्के जादा. हे परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते.

फिजिओथेरपिस्ट सर मदतीला आहेत. आजचं काम एवढंच.

5 मार्च, बुधवार

सुरुवात प्रश्नावलीने करावी असं पुस्तकं सांगतात. पहिल्या तिघींनी वाचून परत दिली. आक्कांनी तर चष्मा काढून विचारलं, "'गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा रिकामं वाटलं?' म्हणजे पोटात का डोक्यात?" आक्का म्हणजे आमच्या सगळ्यांत मोठ्या सिस्टर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. प्रश्नावली बाजूला ठेवली.

दुपारी नऊ नंबरच्या आजींचा चार्ट भरताना सुचलं. तोंडावाटे किती, सलाईन किती, लघवीच्या युरोबॅगमध्ये किती, उलटी किती, हे दर पाळीला आम्ही मिलीलिटरमध्ये लिहितो. तोच छापील इनटेक-आउटपुट चार्ट घेतला, 'रुग्णाचे नाव' खोडून 'सिस्टर/ब्रदर' केलं आणि चेंजिंग रूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ड्यूटीत काय प्यायलं, किती वेळा जाऊन आलं, खरं लिहायचं. मिलीलिटर नको, टिकमार्क पुरे.

सगळ्या हसल्या. पण हसत हसत पेन घेतलं, हेही खरं.

10 मार्च, सोमवार

पाच दिवसांचा चार्ट उतरवून घेतला. सकाळच्या पाळीत इनटेकमध्ये बहुतेकींचा एक चहा. काहींचा तोही अर्धा, कारण राउंड आला. आउटपुटचा रकाना जवळजवळ कोरा. एकीने प्रामाणिकपणे लिहिलंय, 'घरी'. नाइटवाल्या सिस्टरने बारा तासांत एक टिकमार्क केलाय, समोर वेळ : पहाटे 5.40.

ब्रदरच्या रकान्यात मात्र रोज तीन टिकमार्क. सगळ्या त्याच्यावर तुटून पडल्या. बिचारा म्हणाला, "जेन्ट्सचं जिन्यापाशीच आहे, दोन मिनिटांत येतो." आणि आमचं? वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, स्टोअरच्या मागे. कडी तुटलेली, आत मोडकी सलाईन स्टँडं आणि एक चाक गेलेली व्हीलचेअर. म्हणून कुणी जातच नाही. जायचं नसतं म्हणून पाणी पीत नाही, आणि पाणी पीत नाही म्हणून जावं लागत नाही. वर्षानुवर्षं बसलेली घडी आहे ही, कुणी मोडायला तयार नाही.

बाईची लघवी ताशी किलोमागे अर्ध्या मिलीच्या खाली गेली की आम्ही डॉक्टरांना फोन करतो. माझं वजन 62. म्हणजे सहा तासांच्या पाळीत 186 मिली तरी व्हायला हवी. हे गणित फळ्यावर लिहिलं तेव्हा कुणी हसलं नाही. आक्का म्हणाल्या, "मग करा फोन डॉक्टरांना, आठ सिस्टर सिरियस आहेत म्हणून."

18 मार्च, मंगळवार

टॉयलेट मोकळं झालं. स्टँडं काढायला भंगाराचा पंचनामा लागतो, पंचनाम्याला तिघांच्या सह्या लागतात, आणि तिघं एका दिवशी एका जागी सापडत नाहीत. शेवटी वॉर्डातल्या मामांनी सगळं उचलून गच्चीच्या जिन्यात रचलं. "कागद नंतर होईल," म्हणाले. कडी मी बाजारातून आणली, सत्तर रुपये. दिवा मामांनीच बसवला. मावशींनी फिनाइल ओतून तासभर घासलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "आता इथं कुणी बादली ठेवली तर माझ्याशी गाठ आहे."

प्रकल्पाचा पहिला टप्पा म्हणून कडीचा फोटो काढून ठेवला. मॅडमना दाखवला. त्यांना बहुधा सूर्यनमस्कार अपेक्षित होते.

2 एप्रिल, बुधवार

फाइलमध्ये 'प्रमुखाची पार्श्वभूमी' असा रकाना आहे. तिथे 'बी.एस्सी. नर्सिंग, 17 वर्षं अनुभव' लिहिलं. जे लिहिलं नाही ते इथे.

2022 च्या मे महिन्यात दुपारच्या पाळीत ट्रॉलीला धरून खाली बसले. डाव्या कुशीत अशी कळ, की बाळंतपण बरं. सोनोग्राफीत सहा मिलीमीटरचा खडा निघाला. ज्या वॉर्डात मी पाळी संपताना ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला ताबा, द्यायची तिथेच कडेच्या खाटेवर पडले आणि माझाच चार्ट कुणीतरी भरू लागलं. सर्जन म्हणाले, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी इतकं पाणी प्या. मी हो म्हटलं. गेली दहा वर्षं मी हेच वाक्य शेकडो पेशंटना ऐकवत होते, डिस्चार्ज कार्डावर लिहून, खाली रेघ मारून.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला डोरोथिया ओरेमचा सिद्धांत असतो. तिचं पुस्तक 1971 चं. माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, तिथे परिचारिकेचं काम सुरू होतं, असं तिचं म्हणणं. तिने माणसाच्या आठ गरजा मांडल्या : हवा, पाणी, अन्न, मलमूत्रविसर्जन, हालचाल आणि विश्रांती यांचा मेळ, एकांत आणि माणसांचा सहवास यांचा मेळ, धोक्यांपासून बचाव, आणि चारचौघांसारखं असणं. आम्ही त्या 'हपाअम' करून पाठ केल्या होत्या. खाटेवर पडल्या पडल्या मी त्या स्वतःला लावून पाहिल्या. पहिली सोडली तर एकीलाही धड उत्तर नव्हतं. अमेरिकन परिचारिकांच्या 2015 च्या आचारसंहितेत पाचवं कलमच होतं, की इतरांबद्दलची जी कर्तव्यं तीच स्वतःबद्दलही आहेत. आमच्याकडे तेवढं एक कलम सोडून बाकी सगळी अंगवळणी.

खडा पडला. दुसऱ्या वर्षी रजा काढून लोणावळ्याला कैवल्यधामात आठ दिवस गेले. खरं तर जायचं होतं ते एकटं झोपायला. योगाशी माझं देणंघेणं नव्हतं. तिथे जुन्या प्रयोगांचं ऐकलं आणि बरं वाटलं : स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये संस्था काढली, त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिक सुरू केलं आणि उड्डियान, नौली या योगक्रिया करताना पोटात काय होतं ते क्ष-किरणाने पाहिलं. 'विश्वास ठेवा' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मोजून पाहू' म्हणणारा माणूस नर्सला आपला वाटतो.

पण अडले ते शवासनात. शिक्षिका म्हणाल्या, डोळे मिटा, शरीर सोडा. डोळे मिटले. बाहेर कुठेतरी पंपाची मोटर चालू होती आणि माझा कान तिला लागून राहिला : आता बंद पडेल, आता बंद पडेल. मॉनिटरची सवय. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी शिक्षिका शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "आवाज मी ऐकतेय. तुम्ही नका ऐकू." आणि झोपच लागली मला. घोरले असणार.

तेव्हा वाटलं होतं की मला श्वास सापडला. आता ही नोंद लिहिताना शंका येते, की सापडलं ते वेगळंच काहीतरी होतं.

9 एप्रिल, बुधवार

योगवर्ग सुरू. सकाळची पाळी सुटल्यावर 2.15 ते 2.45, सेमिनार हॉल. सोमवारी सात जण आले. मॅडमनी फोटो काढले, पाहिजे तसे सूर्यनमस्कारांचेच. मंगळवारी तिघी. आज मी आणि फिजिओ सर. सर सतरंजी गुंडाळत म्हणाले, "सिस्टर, आपण दोघं तर फिट आहोत."

का येत नाहीत ते विचारायला नको. एकीची अडीचची एसटी. एकीचा मुलगा शाळेतून येऊन कुलपाशी बसलेला असतो. आमची केरळची सिस्टर वीस वर्षं इथे आहे, मराठी अशी बोलते की इथल्यांनी शिकावं. ती म्हणाली, "ताई, मला अर्धा तास मिळाला तर मी योगा नाही करणार, मी भिंतीकडे बघत बसणार." ती रोज रात्री जपमाळ घेते आणि पाचव्या-सहाव्या मण्यापाशी झोपते. तीच माझी काळजी, म्हणते.

तेही लिहून ठेवते आहे. ज्याला आपण 'समग्र' म्हणतो ते जिचं तिने आपापलं शोधलेलं आहे. ब्रदर पहाटे पोलीस ग्राउंडवर पळतो. एक जण कुंड्यांत अबोली लावते आणि नाइट ऑफच्या सकाळी आधी पाणी घालते, मगच झोपते. आक्का भजनी मंडळात टाळ धरतात. ड्यूटीबाहेरचं यांना मी काय शिकवणार? प्रश्न ड्यूटीतल्या सहा तासांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्यातही तो आजार म्हटलेला नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. मग औषध घरी घ्यायला का सांगायचं?

वर्ग बंद. फाइलमध्ये 'तूर्त स्थगित' लिहिलं.

24 एप्रिल, गुरुवार

टॉयलेटला कडी आहे, दिवा आहे, माठ भरलेला आहे, तरी आउटपुटचा रकाना दीडपटही झाला नाही. आज शेवटी आक्कांच्या मागे लागले. सकाळी आठपासून त्या उभ्याच. पायांच्या शिरा फुगलेल्या, मोज्यांखाली क्रेप बँडेज. पाच मिनिटं बसा म्हटलं तर चिडल्या. पदराला हात घातला आणि सेफ्टी पिनेला लावलेली किल्ली माझ्यासमोर धरली.

"ही कुणाकडे देऊ?"

मॉर्फिन-फेंटानिल या गुंगीच्या वेदनाशामकांच्या कपाटाची किल्ली. दुहेरी कुलूप, प्रत्येक ॲम्प्युलचा हिशेब, रिकामी बाटलीसुद्धा मोजून परत. ज्या पाळीची जी सिस्टर तिच्या अंगावर ती किल्ली. आक्का 34 वर्षं ती पिनेत बाळगतायत. टॉयलेटला गेल्या तरी बरोबर. एकदा नव्या नोकरीत असताना किल्ली टेबलावर राहिली होती, एक ॲम्प्युल कमी भरली. चौकशी आठ महिने चालली. शेवटी मोजणीतच चूक निघाली, पण ते आठ महिने कुणी परत दिले नाहीत.

म्हणजे गोम कडीत नव्हती. वॉर्ड सोडून जायचं तर तो कुणाच्या तरी ताब्यात द्यायला हवा, आणि आमच्याकडे ताबा देण्याची पद्धत दिवसातून तीनदाच आहे : आठ, दोन आणि आठ. मधल्या वेळेत 'जरा बघ गं' एवढंच. 'जरा बघ गं'ला सही नसते. सही नसलेल्या गोष्टीवर सरकारी नोकरीतली बाई विसंबत नाही.

आणि मला लोणावळ्याच्या शिक्षिका आठवल्या. "आवाज मी ऐकतेय."

12 मे, सोमवार

परिचारिका दिन. बुद्ध पौर्णिमाही आजच आली. केक, दिवे, शपथ, गुलाबाचं फूल. 'दया, क्षमा, शांती' असं एक भाषण झालं, 'देवदूत' हा शब्द मी नऊ वेळा मोजला. देवदूतांना मूतखडा होत नाही ही त्यातली सोय.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा फोटो नेहमी दिवा घेतलेला लावतात. क्रिमियाहून परतल्यावर ती स्वतः कित्येक वर्षं आजारी होती, बहुतेक काम अंथरुणातून केलं, हे कुणी सांगत नाही. तिच्या 1859 च्या छोट्या पुस्तकात हवा आणि ऊब यांच्यानंतर, घराच्या आरोग्यानंतर लगेच तिसरं प्रकरण व्यवस्थापनाचं आहे. त्याचा मथितार्थ असा : तू हजर असताना जे करतेस, ते तू नसतानाही होईल अशी तजवीज केली नाहीस तर बाकी सगळी चांगली शुश्रूषा वाया. हे मी कॉलेजात वाचलं तेव्हा कंटाळवाणं वाटलं होतं. आता वाटतं, बाईने तेव्हाच आमच्या किल्लीचं सांगून ठेवलंय.

प्रकल्पाचं पोस्टर लावलं. कडीचा फोटो, सूर्यनमस्काराचा फोटो, आणि खाली योजना : प्रत्येक पाळीत प्रत्येकाला दहा मिनिटं. जाण्याआधी छोटी ओव्हर. तीन वाक्यं : कोण सिरियस, काय चालू आहे, पुढचं औषध कुणाचं. किल्ली हातात द्यायची, रजिस्टरमध्ये वेळ आणि दोन सह्या. परत आल्यावर पुन्हा दोन सह्या. दिवसातल्या ॲम्प्युलच्या मोजणीत फरक नाही, फक्त ताबा लेखी.

मॅडमनी पोस्टर वाचलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रजिस्टर स्टोअरमधून घे. लाल कव्हरचं घे, ते टिकतं."

20 मे, मंगळवार

आजची नोंद टाळाविशी वाटतेय, म्हणून आधी तीच.

साडेबाराच्या सुमाराला चौदा नंबरच्या मावशींना जेवणाआधीचं इन्सुलिन, आठ युनिट. सिस्टरने दिलं, तेवढ्यात तिची दहा मिनिटांची वेळ झाली. किल्ली दिली, रजिस्टरला सही केली आणि गेली. पेशंटच्या चार्टवर इन्सुलिनची सही राहिली. बदलीवर आलेल्या सिस्टरने चार्ट पाहिला, चौकोन कोरा. तिने आठ युनिट भरले. सुई टोचणार तोच मावशी म्हणाल्या, "बाई, आत्ताच तर टोचलं की. आता डाव्या बाजूला टोचताय का?"

त्या बोलल्या म्हणून वाचलो. झोपेत असत्या तर?

दोघीही रडल्या. मीही हादरले, कारण योजना माझी. मॅडमना जाऊन सांगितलं, लेखी दिलं. मला वाटलं आता रजिस्टर जमा करायला सांगतील. त्यांनी विचारलं, "दोनच्या ओव्हरला असं कधी होत नाही?" होतं. लिहिलं जात नाही इतकंच.

सुधारणा : जाण्याआधी दोघींनी मिळून चार्टवरून बोट फिरवायचं. कोरा चौकोन दिसला तर जायचं नाही. आणि बारा ते एक या वेळेत कुणी जायचं नाही, तेव्हा इन्सुलिन, जेवण आणि नातेवाईक एकदम येतात. फळ्यावर लिहिलं : 'सही नाही तर सुटका नाही'. आक्कांना ते फार आवडलं. त्या आता घरी नवऱ्यालाही म्हणतात.

3 जून, मंगळवार

रात्रीचं कसं करायचं हा प्रश्न उरला होता. रात्री वॉर्डात एकच सिस्टर, ताबा देणार कुणाला? या आठवड्यात मी मुद्दाम नाइट घेतली.

रात्रीच्या पाळीबद्दल एक गोष्ट आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. घाबरवायला हे सांगत नाही. नाइटनंतर घरी जाऊन धुणं लावणाऱ्या पोरींना 'आधी झोप' म्हणायला काहीतरी आधार लागतो, एरवी आळशी म्हणतात.

पहाटे तीन ते चार हा खरा तास. डोळे उघडे असतात, पण अक्षरं हलतात. थंडी वाजते, पंखा बंद केला तरी. तेवढ्यात कुणाची तरी सलाईन संपते, कुणाचं ऑक्सिजन मास्क नाकावरून घसरतं, आणि सहा नंबरच्या आजी मुलाला हाका मारतात, जो गावी असतो. मी त्यांच्या पायांवर चादर ओढून उभी होते आणि समोर व्हरांड्यापलीकडे पुरुष मेडिकलच्या दारात तिथली सिस्टर तशीच उभी होती, भिंतीला डोकं टेकून. मधे वीस पावलं. कित्येक वर्षं आम्ही दोघी रात्री एकमेकींना अशा बघतोय.

आज वीस पावलं चालून गेले. ठरलं : दोन्ही वॉर्डांची जोडी. तिची दहा मिनिटं असतील तेव्हा मी व्हरांड्यात मधोमध खुर्ची टाकून बसायचं, दोन्ही दारं दिसतात. कपाटाच्या दोन किल्ल्या माझ्या गळ्यात. दोन वॉर्डांवर एक माणूस हे निकषात बसत नाही, मला माहीत आहे. पण एरवीही आम्ही वॉर्ड वाऱ्यावर सोडूनच पळत जायचो, फक्त कुणाला न सांगता.

पहाटे 3.20 ला टॉयलेटला जाऊन आले, तोंड धुतलं, भिंतीला पाय लावून पाच मिनिटं पडले. फिजिओ सरांनी शिकवलेलं, पाय वर, पोटऱ्या मोकळ्या. उरलेल्या दोन मिनिटांत काहीच केलं नाही. इतक्या रात्री काहीच न करणं पहिल्यांदाच.

22 जून, रविवार

वारीच्या आरोग्य पथकात नाव दिलं होतं. आज दिवे घाट. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून निघून घाट चढून सासवडला जाते, त्या रस्त्यावर आमचं टेबल. ओआरएस, बीपी, शुगर, आणि फोड. फोडच फोड. पावसाने बूट भिजलेले, चपलेचा अंगठा तुटलेला, टाचेला भेगा. प्रकल्पाशी याचा संबंध नाही असं धरून आले होते.

एक म्हातारी टेबलाशी आली, बीपी बघून घेतलं, आणि उठता उठता माझ्या पायांकडे पाहिलं. "माउली, सकाळधरनं उभीच हायस का? बस की." मी म्हटलं, लाइन आहे मागे. तिने मागच्याला सांगितलं, थांब रे माउली. मला खाली बसवलं आणि टाचेपासून बोटांपर्यंत अंगठा असा काही दाबत नेला की फिजिओ सरांनी बघायला हवं होतं. मग पोटरी, खालून वर, नेमकी रक्त परत चढतं त्या दिशेने. मिनिट-दीड मिनिट. तिने पुन्हा डोक्यावर तुळस घेतली आणि गेली. पाया पडायचं राहून गेलं.

पण नोंदवायचं आहे ते दुसरंच. आमच्या टेबलाशेजारी एक दिंडी विसाव्याला थांबली. वीणेकरी बुवा उन्हाने पार थकलेले. त्यांना पाणी हवं होतं. वीणा खाली ठेवत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. गावातल्या सप्ताहात सात दिवस रात्रंदिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते, तासातासाचा पहारा लावलेला असतो. पण आज जवळून पाहिलं. दुसरा माणूस समोर आला. दोघं वाकले, एकमेकांच्या पायांना हात लावला. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली, तारेचा आवाज न तुटता. मग बुवांनी टोपी काढली, आमच्याकडे येऊन दोन ग्लास ओआरएस प्यायले, रस्त्याच्या कडेला आडवे झाले आणि गाढ झोपले. शेजारून ट्रकचे हॉर्न, टाळ, लाउडस्पीकर. त्यांना काही नाही. वीणा चालू होती ना.

मी सेफ्टी पिनेचाच विचार करत राहिले.

4 जुलै, शुक्रवार

वारीचं वॉर्डात सांगितलं. आक्का सप्ताहातल्या आहेत, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दहा मिनिटांना 'पहारा' म्हणायला लागल्या. "माझा पहारा सव्वाअकराला," वगैरे. केरळची सिस्टरही म्हणते. किल्लीची सेफ्टी पिन गेली, तिला आता लांब निळी नाडी आहे. गळ्यात घालायची, काढून दुसरीच्या गळ्यात घालायची. पदराची पिन काढायला दोन्ही हात आणि अर्धं मिनिट लागायचं, ते वाचलं. एवढीशी गोष्ट आहे, पण अर्ध्या मिनिटासाठी लोक 'जाऊ दे' म्हणतात.

आक्कांनी सरांच्या सांगण्यावरून दाबाचे मोजे घेतले. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी घालायचे असतात, हे त्यांनी पेशंटना हजारदा सांगितलंय. स्वतः पहिले चार दिवस आंघोळीनंतर घातले, आणि चढत नाहीत म्हणून दुकानदाराला शिव्या दिल्या.

सगळं गोड नाही. एक सिस्टर दहा मिनिटं घेतच नाही. विचारलं तर म्हणते, बसलं की घरचं आठवतं. तिला आग्रह केला नाही. तिची सही रजिस्टरमध्ये फक्त किल्ली घेणारीच्या रकान्यात आहे. तिच्यासाठी काय करायचं, मला अजून सुचलेलं नाही. मानसोपचार विभागातल्या मॅडमशी बोलू का, असं तिला विचारलंय. 'बघू' म्हणाली.

11 जुलै, शुक्रवार

प्रकल्पाची फाइल मुदत संपूनही माझ्याकडेच आहे, कुणी मागितली नाही. पुरुष मेडिकलने त्यांच्या कपाटाच्या दाराला चार्ट चिकटवला. तिथल्या ब्रदरांना वाटत होतं की आपल्याला गरज नाही. पाणी तेही पीत नव्हते, एवढंच कळलं. सर्जिकल वॉर्डच्या इंचार्जने निरोप पाठवला, "ते लाल रजिस्टर कसं आखलंय ते दे." सेमिनार हॉलमधली सतरंजी अजून तिथेच आहे. गुरुवारी दोघी जणी आपणहून शवासनाला आल्या होत्या, पाळी सुटल्यावर. एक झोपली. दुसरी तिच्या फोनवर लक्ष ठेवून बसली, वाजला तर घ्यायला.

कालचा चार्ट पाहिला. आक्का, सकाळची पाळी. इनटेक : पाणी तीन ग्लास, चहा एक, ताक एक. आउटपुट : दोन टिकमार्क. पुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात, 'रंग फिका पिवळा. डॉक्टरांना कळविण्याची गरज नाही.'

रजिस्टरची चारच पानं उरलीत. सोमवारच्या इंडेंटमध्ये, म्हणजे स्टोअरच्या मागणीपत्रात, दोन लिहायची, लाल कव्हरची.